जुनी नाताळगीतं, नवा साज: सांगली-मिरज-सातारकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात पेटी-तबला आहे, हातात मोबाइल आहे, चार आवाज जमतात आणि यंदा नाताळला जुन्या गाण्याचं आपलं रूप काढायचं आहे, अशांसाठी ही पानं. सगळ्या उत्तरांमागे धोरण एकच आहे: चाल, ठेका, वाद्यं आणि शब्द यांपैकी एका गाण्यात एकच गोष्ट मोठी बदलायची, फार तर दोन. चारही बदलली की ऐकणाऱ्याला गाणं ओळखू येत नाही, आणि ओळखूच आलं नाही तर ते कव्हर कसलं?

कव्हर म्हणजे नेमकं काय? यूट्यूबवरचा कराओके ट्रॅक लावून त्यावर गायलं तर चालतं का?

कव्हर म्हणजे गाणं तेच, पण रेकॉर्डिंग संपूर्ण तुमचं. गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात. एक कवी-संगीतकाराचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा त्या ठरावीक ध्वनिमुद्रणाचा. गाणं दोनशे वर्षांचं जुनं असलं तरी कराओके ट्रॅक परवाचा असतो आणि तो कुणीतरी पैसे घालून केलेला असतो. तो उतरवून त्यावर गायलात तर शब्द-चालीचा प्रश्न नसेल, पण ट्रॅकचा आहेच. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. साधी पेटी आणि ढोलकी का असेना, स्वतः वाजवा.

कोणती गाणी मोकळी आहेत?

भारतात शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो. दोघांनी मिळून केलेली कृती असेल तर शेवटी गेलेल्याच्या वर्षापासून मोजायचं. या हिशेबाने खालची गाणी बिनधास्त घ्या.

सायलेंट नाइट: योसेफ मोर यांनी १८१६ मध्ये शब्द लिहिले, फ्रान्त्स ग्रूबर यांनी १८१८ मध्ये चाल दिली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी ते गिटारच्या साथीवर पहिल्यांदा गायलं गेलं. मूळ जर्मन. जॉय टू द वर्ल्ड: आयझॅक वॉट्स यांचे शब्द १७१९ चे. लॉवेल मेसन यांनी आज रूढ असलेली चाल १८३९ मध्ये छापली. जिंगल बेल्स: जेम्स पियरपॉन्ट, १८५७. यात नाताळचा उल्लेखही नाही. बर्फावरून घोडागाडी पळवायचं गाणं आहे. वी थ्री किंग्ज: जॉन हेन्री हॉपकिन्स, १८५७. ओ होली नाइट: आडॉल्फ आडाम यांची चाल, १८४७. डेक द हॉल्सची चाल, गॉड रेस्ट यी मेरी जेंटलमेन आणि द फर्स्ट नोएल ही तर लोकपरंपरेतून आलेली.

मोकळी नसलेली: व्हाइट ख्रिसमस (अर्व्हिंग बर्लिन १९८९ मध्ये गेले, म्हणजे भारतात २०४९ अखेरपर्यंत हक्क), रुडॉल्फचं गाणं (जॉनी मार्क्स १९८५ मध्ये गेले), लिटल ड्रमर बॉय (कॅथरीन डेव्हिस १९८० मध्ये गेल्या), फेलिझ नाविदाद, लास्ट ख्रिसमस, ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू. लिटल ड्रमर बॉय जुनं लोकगीत वाटतं म्हणून पुष्कळजण फसतात. ते १९४१ चं आहे.

फसवं आणखी एक म्हणजे कॅरल ऑफ द बेल्स. मिकोला लेओंतोविच यांची चाल मोकळी आहे, कारण ते १९२१ मध्ये गेले. इंग्रजी शब्द मात्र पीटर विल्हुस्की यांचे, १९३६ चे, आणि ते १९७८ पर्यंत हयात होते. म्हणून ही चाल सतारीवर वाजवा, आलापात गा किंवा स्वतःचे मराठी शब्द घाला. इंग्रजी शब्द गाऊन प्रसिद्ध करू नका. मराठी शब्दही त्या इंग्रजीचं भाषांतर नकोत.

मुदत देशागणिक बदलते. तुमचा व्हिडिओ परदेशात दिसायचा असेल तर तिथलाही हिशेब लागू होतो. वरच्या यादीतली जुनी गाणी घेतलीत तर ही डोकेदुखी नाहीच.

हक्कातलं गाणं करायचंच असेल तर?

कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ सी मध्ये कव्हरसाठी वैधानिक परवान्याची सोय आहे. मूळ गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं गेलेली असावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते आणि ती दरवर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने मोजली जाते. शिवाय तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करता येत नाही. म्हणजे मराठी शब्द घालायची मुभा यात बसत नाही. भाषांतराची परवानगी मालकाकडून वेगळी घ्यावी लागते. हौशी मंडळींना हे परवडणारं नाही. त्यांनी एकोणिसाव्या शतकात जावं, तिथे भरपूर माल आहे.

चर्चमधल्या उपासनेत किंवा घरोघरच्या कॅरल फेरीत गायला परवानगी लागते का?

खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गायलेल्या गाण्याला कायद्याने सूट आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या कार्यक्रमालाही आहे. पण त्याच कार्यक्रमाचं चित्रण इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट, तिला ही सूट आपोआप लागत नाही.

नवेपणा आणायचा म्हणजे सुरुवात कुठून करायची?

ठेक्यापासून. चालीला हात न लावता गाणं सगळ्यात जास्त बदलतं ते ठेक्याने. हातातलं उदाहरण घ्या. जिंगल बेल्सचं धृपद पेटीवर असं: ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग. मूळ चार-चारच्या (दर बारला, म्हणजे तालाच्या एका खणाला, चार मात्रा) चालीत ते धावतं. हेच दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात, मांडा:

ग ऽ ग | ग ऽ ऽ | ग ऽ ग | ग ऽ ऽ | ग ऽ प | सा ऽ रे | ग ऽ ऽ | ऽ ऽ ऽ

सूर एकही बदललेला नाही, पण घोडागाडीची बैलगाडी झाली. मात्रा दर मिनिटाला १५० च्या आसपास ठेवा. १८० च्या वर गेलात की डुलणं जातं आणि घाई दिसते.

उलट, मेजरचं मायनर करण्याची युक्ती, म्हणजे ग, ध, नी कोमल करून टाकणं, फार स्वस्त झाली आहे. आठ मात्रांच्या सुरावटीपुरती बरी. जॉय टू द वर्ल्ड अख्खं कोमल सुरांत गायलं की आनंदवार्तेचं शोकगीत होतं.

कोणत्या गाण्याला कोणता ठेका बसतो?

सहा-आठच्या आणि तीन-चारच्या गाण्यांना दादरा, चार-चारच्या गाण्यांना केरवा किंवा भजनी. सायलेंट नाइटचा एक बार म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन, हिशेब सरळ. तीन-चारच्या गाण्यांत (वी विश यू अ मेरी ख्रिसमस, अवे इन अ मेंजर, द फर्स्ट नोएल) दोन बार मिळून एक आवर्तन होतं.

इथे एक चूक हमखास होते. या गाण्यांतली बरीचशी समेवर सुरू होत नाहीत. 'वी विश यू'मधलं 'वी' हे समेच्या आधीचं अक्षर आहे, सम 'विश'वर. तबलावादक पहिल्या अक्षरावर 'धा' टाकतो आणि मग सगळं गाणं एका मात्रेने सरकतं. गाणारा ओढतो, वाजवणारा ढकलतो, दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. उपाय सोपा: ठेका एक आवर्तन आधी सुरू करा आणि सहाव्या मात्रेवर उठा. ओ कम ऑल यी फेथफुल आणि गॉड रेस्ट यी यांतही पहिलं अक्षर समेआधीच येतं. केरव्यात दोन बार धरलेत तर आठव्या मात्रेवर उठा. सायलेंट नाइट, जॉय टू द वर्ल्ड, वी थ्री किंग्ज, हार्क द हेरल्ड ही समेवरूनच निघतात, नवशिक्या संचाने आधी ही घ्यावीत.

भजनी ठेका जॉय टू द वर्ल्डला छान लागतो, पण पहिल्याच ओळीत 'टू' लांब आणि 'द' अगदी आखूड आहे हे सोडू नका. ती लचक सपाट केली की चालीतला झोक गेला.

सायलेंट नाइटचा पूर्ण आराखडा मिळेल का?

सूर असे. पहिले दोन बार: प ध प ग, प ध प ग. मग रें रें नी, सां सां प. पुढे ध ध सां नी ध, प ध प ग, ही ओळ दोनदा. मग रें रें मं रें नी, सां… गं. शेवट सां प ग, प म रे सा.

पांढरी एक (म्हणजे सी) धरून कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर), दर आवर्तनाला एक: सी, सी, जी, सी, एफ, सी, एफ, सी, जी, सी, मग अर्धं सी अर्धं जी, आणि सी. एकूण बारा आवर्तनं. मात्रा मिनिटाला १२० ठेवली तर आवर्तन तीन सेकंदांचं, कडवं ३६ सेकंदांचं. तीन कडवी, सुरुवातीला चार आवर्तनांची पेटी, दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यामध्ये आठ आवर्तनांची बासरी किंवा सतार, शेवटी दोन आवर्तनं. साधारण अडीच मिनिटं होतात. तेवढं पुरे.

ठेका कुठे आणायचा? पहिलं कडवं ठेक्याविना, नुसत्या पेटीवर. दुसऱ्यात तबला, तोही बोटांनी, चाट न मारता. तिसऱ्यात सगळे आवाज. तबला शेवटच्या चार आवर्तनांत थांबवा. हे मुळात अंगाईच्या अंगाचं गाणं आहे. शेवटी तिहाई घेऊन टाळ्या मागू नका.

पट्टी कोणती धरायची?

सायलेंट नाइटचा पल्ला मध्य सा ते तार मं, म्हणजे सप्तकाच्या पुढे आणखी चार सूर. म्हणून ते सोपं वाटतं आणि 'रें रें मं' आलं की आवाज फाटतो. समूहासाठी काळी पाच घ्या: बायका आणि पुरुष आपापल्या सप्तकात गातील आणि दोघांनाही वरचा सूर लागेल. एकट्या स्त्री-आवाजाला काळी चार ते काळी पाच. एकट्या पुरुषाला काळी एक बऱ्याचदा जड जाते, पांढरी सहा किंवा सात बरी. पण मग खालचा सा ऐकू येतोय ना, हे माइकवर तपासा.

जॉय टू द वर्ल्डचा पल्ला अगदी एक सप्तक: सां नी ध प म ग रे सा, सरळ उतरता क्रम. अडचण अशी की गाणं तार सां पासून सुरू होतं. कॅरल फेरीत कुणीतरी आपल्या सोयीच्या मधल्या सुरात उचलतो आणि आठव्या अक्षराला सगळ्यांचा आवाज तळघरात जातो. म्हणून उचलण्याआधी पेटीवर पांढरी दोनचा वरचा सा द्या, खालचा नाही.

तानपुरा लावला तर गाणं 'आपलं' वाटेल का? मिरजेत तर तानपुऱ्यांना तोटा नाही.

तोटा नाही हे खरं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तानपुरा एका सा ला धरून बसतो आणि ही गाणी कॉर्डवर चालतात, तिथे घर्षण होतं.

कुठे चालतो: सायलेंट नाइट, जॉय टू द वर्ल्ड, गुड किंग वेन्सेस्लस. यांत सा आणि प बहुतेक वेळ कॉर्डशी जुळतात. जी कॉर्डवर सा किंचित टोचतो. तिथे पेटीने नी धरून न ठेवता सोडून दिला की भागतं.

कुठे अडतो: वी थ्री किंग्ज. कडवं प म ग सा, रे ग रे सा असं, ग कोमल. इथे तानपुरा सुंदर लागतो, अंग आसावरी थाटाचं आहे. धृपद आलं की मात्र गाणं कोमल ग ला नवा सा मानून मेजरमध्ये जातं आणि जुना सा खाली वाजत राहिला तर सगळं गढूळ होतं. उपाय दोन. धृपदात तानपुरा हळूहळू खाली आणून बंद करा आणि कडव्याला परत आणा. हा उजेड-अंधार फारच चांगला दिसतो. किंवा धृपदच गाळा आणि फक्त कडवी गा. पहिला उपाय अधिक मेहनतीचा आहे, तोच करा.

आणि एक. थाट जुळला म्हणजे राग झाला असं नव्हे. बिलावल थाटातल्या चालीत बिलावलच्या ताना कोंबल्या की चाल नाही उरत, राग तर नाहीच नाही.

मराठी शब्द कसे बसवावेत?

मराठीतून ख्रिस्ती भक्तिगीतं लिहिणं हे काही नवं नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ती अभंग-ओवीच्या वळणाने लिहिली. त्यांच्या शेवटच्या काळातला 'देवाचा दरबार' हा भक्तसमाज साताऱ्यातलाच. ते १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या रचना मोकळ्या आहेत. उपासनेच्या पुस्तकांतले इतर अनुवाद घेताना मात्र अनुवादक कोण आणि कधी गेला हे बघा. मूळ गाणं मोकळं असलं तरी अनुवादावर वेगळा हक्क असतो.

स्वतः लिहायचं तर इंग्रजीच्या अर्थाला नव्हे, सुरांच्या लांबीला चिकटा. इंग्रजीत जोर अक्षरावर पडतो, मराठीत ऱ्हस्व-दीर्घ बोलतं. लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर आलं की शब्द मोडतो. सायलेंट नाइटच्या पहिल्या बारमध्ये प लांब, ध आखूड, प मध्यम, ग खूप लांब. आता 'शांत रात्र' घालून बघा: शेवटी 'त्र' वर श्वास अडकतो, सूर धरताच येत नाही. 'शांत ही रात' घाला: शां (प) त (ध) ही (प) रात (ग). लांब 'शां' लांब सुरावर, आखूड 'त' आखूड सुरावर आणि 'रा' चा आकार हवा तेवढा ओढता येतो. दुसऱ्या बारला 'दूर प्रभात': दू, र, प्र, भात. तेच माप, यमकही मिळालं.

पडताळा घ्यायचा तर कडवं आधी सुरांशिवाय, ठेक्यावर टाळी देत नुसतं म्हणा. बोलताना जीभ जिथे अडखळते तिथे गातानाही अडखळणार. आणि 'पवित्र', 'अवतरला', 'दिव्य' असले शब्द दर ओळीत घालू नका. गोठा, गवत, थंडी, मेंढरं, चांदणी हे शब्द साताऱ्या-सांगलीच्या कानाला जवळचे आहेत आणि कथेतही आहेत.

स्लेज बेल कुठे मिळेल?

शोधू नका. ती घोड्याच्या पट्ट्यावरची घंटी, आपल्याकडे बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ आहेच. छोटी, वीस-पंचवीस घुंगरांची घ्या. मोठ्या घुंगरांचा आवाज जड येतो. हलवून वाजवली तर जाताना एक आणि येताना एक असे दोन आवाज निघतात आणि ताल पुसट होतो. त्यापेक्षा माळ एका हातात लोंबती धरा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने मनगटावर हलका ठोका द्या. एकच स्वच्छ 'छन्' येतो. मोबाइलपासून तीन-चार फूट लांब धरा. जवळ धरलीत तर आवाज चिरका होतो आणि नंतर कितीही कमी केलात तरी गाणाऱ्याच्या 'स' आणि 'श' वर चढून बसतो.

हलगी घेतली तर?

घ्या, पण एकाच गाण्यात आणि थोडी. गॉड रेस्ट यी (सा सा प प म ग रे सा, ग कोमल, खालचा नी कोमल) याला हलगी भारी लागते, चाल मुळातच पावलं टाकत जाते. हलगी वेगळ्या ट्रॅकवर, उघड्यावर किंवा मोठ्या खोलीत, सात-आठ फुटांवरून रेकॉर्ड करा. मोबाइल जवळ ठेवलात तर पहिल्या ठोक्याला आवाज फाटतो आणि मोबाइल आपणहून पातळी खाली ओढतो. मग पुढचे चार ठोके दबलेले येतात. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये आपोआप पातळी ठरवण्याची सोय बंद करता येत असेल तर करा.

डिसेंबरात चामडं दगा देतं. दुपारच्या कोरड्या हवेत सूर चढतो, रात्री दव पडलं की उतरतो. हलगी शेकून घेता येते. तबला-ढोलकी मात्र शेकोटीजवळ नेऊ नका, शाई तडकते. कॅरल फेरीत ढोलकी वाजवत नसाल तेव्हा गोधडीत गुंडाळून ठेवा आणि दर दोन-तीन घरांनंतर सूर तपासा.

पेटी आणि कीबोर्ड एकत्र लावले की बेसूर का वाटतं?

कारण पेटीच्या पत्त्या ठरावीक वर्षांनी सरकतात आणि पुष्कळ पेट्या मुळात ४४० च्या मापावर लावलेल्याच नसतात. मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपमध्ये पेटीचा 'पांढरी सहा' बघा. किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर-खाली आहे ते कळेल; तेवढाच कीबोर्ड सरकवा, बहुतेक कीबोर्डांत ट्यूनिंगची सोय असते. पेटी हलवायच्या भानगडीत पडू नका. भाता दाबून जोरात वाजवताना आणि हळू वाजवताना सूर किंचित बदलतो, म्हणून तपासताना गाण्यात लागेल तेवढाच भाता ठेवा.

चर्चमध्ये जुनी पायपेटी असेल तर सोन्याहून पिवळं, पण तिच्याशी तबला जुळवा, तिला कशाशी नाही.

घरात रेकॉर्डिंग करताना काय पथ्य पाळायचं?

खोली भरलेली हवी. कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारं उघडी टाकून त्याच्याकडे तोंड करा, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या लटकवा. उघड्या फरशीच्या रिकाम्या हॉलमधला घुमार नंतर काढता येत नाही. घुमार हवाच असेल तर मिक्समध्ये वरून घाला.

गाणाऱ्याचं तोंड माइकपासून एक वीत, माइक किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ' चा फुत्कार थेट बसत नाही. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा सूर उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ नये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पेटी एका मीटरवरून. जवळून भात्याची फुसफुस आणि पट्ट्यांची टकटक येते.

आता आपल्याकडचा खास शत्रू: गळीत हंगाम. नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, दोन ट्रॉल्या आणि वर स्पीकर. त्या खालच्या आवाजाची थरथर भिंतीतून येते, गोधडीने थांबत नाही. रस्त्याकडेच्या घरात आधी एक दिवस तासातासाला दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करून बघा. कुठला वेळ रिकामा ते कळेल. पंखा, फ्रीज आणि इन्व्हर्टर बंद. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालवून माइक लावला की बारीक गुणगुण येते. लॅपटॉप चार्जरमधून काढून बॅटरीवर चालवा.

आवाज ठेक्याच्या मागेच पडतो. गाणारा तर तालाचा पक्का आहे.

कानात ब्लूटूथचे इअरफोन आहेत का बघा. त्यात आवाज उशिरा पोचतो, गाणारा त्या उशिरा आलेल्या ठेक्यावर बरोबर गातो आणि रेकॉर्डिंगमध्ये मागे दिसतो. तारेचे लावा.

क्रमही पाळा. आधी क्लिकवर (कानात चालणारी लयीची टिकटिक) पेटीचा कच्चा ट्रॅक, मग ताल, मग मुख्य आवाज, मग कोरस, सगळ्यात शेवटी घुंगुरमाळ, बासरी. तबलावादकाला क्लिक खुपत असेल तर त्याच लयीचा लेहरा लावा, काम तेच होतं. कोरसला चार जण असतील तर दोनदा गाऊन घ्या, दुसऱ्या वेळी जागा बदलून. आठ जणांचा भरणा येतो.

मिक्समध्ये पातळी किती ठेवायची?

यूट्यूब उणे १४ लफ्सच्या (LUFS, आवाज सरासरी किती मोठा लागतो याचं माप) वर असलेला आवाज स्वतःच खाली आणतो. म्हणून दाबून मोठं करण्यात काही हशील नाही. उणे १४ च्या आसपास ठेवा, शिखर उणे एक. मुख्य आवाज स्वच्छ ऐकू येतो ना, हे हेडफोनवर नाही, मोबाइलच्या स्पीकरवर तपासा. नातेवाईक त्यावरच ऐकणार आहेत.

गाणं मोकळं असूनही यूट्यूबवर हक्काचा दावा आला. आता?

घाबरू नका, ती पोलिसात तक्रार नव्हे. यंत्रणा तुमची चाल दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डिंगशी जुळवते आणि दावा लावते. आधी खरंच दुसऱ्याचा ट्रॅक किंवा लूप वापरलेला नाही ना, याची खात्री करा. नसेल तर हरकत नोंदवा: गाण्याचं मूळ नाव, कवी, संगीतकार, साल, त्यांचा मृत्यू कधी, आणि सर्व वादन-गायन स्वतःचं आहे, हे चार ओळींत. उत्तराला दावेदाराकडे ३० दिवस असतात. म्हणजे २४ डिसेंबरला टाकलेल्या गाण्याचा निकाल कदाचित जानेवारीत लागेल. म्हणून आधी खासगी ठेवून चढवा. दावा यायचा असेल तर बऱ्याचदा लगेच येतो.

व्हिडिओखालच्या माहितीत मूळ कवी-संगीतकारांची नावं लिहा. 'पारंपरिक' असं लिहायचं ते फक्त जे खरंच पारंपरिक आहे त्याला.

काम कधी सुरू करावं?

दिवाळीआधी गाणं आणि पट्टी ठरवा. दिवाळीनंतर लगेच लग्नसराई लागते, तेव्हा ढोलकी-तबल्यावाले हाती लागत नाहीत. त्यांचं रेकॉर्डिंग त्याआधी उरका. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आवाज आणि मिक्ससाठी. गाण्यांच्या ॲपवर वितरकामार्फत टाकायचं असेल तर फाइल नोव्हेंबरअखेर त्यांच्या हातात हवी. यूट्यूबला डिसेंबरचा पहिला आठवडा चालेल. २४ तारखेला टाकलेलं गाणं २६ तारखेला शिळं होतं, हे या प्रकारातलं दुखणं.

थंडीत पहाटे गळा उघडत नाही. आवाजाचं रेकॉर्डिंग दुपारी किंवा संध्याकाळी ठेवा.

कॅरल फेरीत रात्री स्पीकर लावता येतो का?

उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातले काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. ती यादी जिल्हाधिकारी काढतात, त्यात नाताळचा कोणता दिवस आहे ते आधी बघून घ्या. फेरीत स्पीकर नसलेलाच बरा. पेटी गळ्यात अडकवायची, एक ढोलकी, एक घुंगुरमाळ, सहा आवाज. दारात त्याहून जास्त लागत नाही.

पुढच्या वर्षी तेच गाणं वापरता येईल का?

येईल, पण नुसती शेवटची फाइल जपून उपयोग नाही. प्रत्येक ट्रॅक वेगळा, शून्यापासून सुरू होणारा, वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा: पेटी, ताल, आवाज, कोरस, जोडवाद्यं. फाइलच्या नावातच पट्टी आणि लय लिहा, उदाहरणार्थ 'सायलेंट-काळी५-१२०-पेटी'. गाणारा बदलला आणि पट्टी दोन सुरांनी हलवावी लागली तर ताल तसाच राहतो, पेटी पुन्हा वाजवून घ्यायची; तबल्याचा सा आणि गाण्याचा सा यांत मेळ नसला तर मात्र तबलाही पुन्हा. दोन ठिकाणी प्रत ठेवा, त्यातली एक मोबाइलच्या बाहेर.